नेल्बाचा भोपळा आणि गोंदाचे टेबल

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. मुठीत मावेल एवढा, वरून कापलेला, आतून काळा. माझ्यात येर्बा नावाच्या पाल्याची कडू पूड भरायची, गरम पाणी ओतायचे आणि धातूच्या नळीने ओढून प्यायचे, एवढेच माझे काम होते. आज माझ्या पोटाला सुपरग्लूची घाण येते. स्वतःचीच किळस येणे म्हणजे काय, ते मला विचारा.

कार्मेलो गावच्या बाजारात नेल्बाने मला कानाशी धरून वाजवले आणि विकत घेतले. घरी दोन दिवस माझ्यात ओली येर्बा भरून ठेवली, मग आतली साल चमच्याने खरवडून काढली. एकतीस वर्षे तिने मला साबण लागू दिला नाही. "ह्याच्या पोटात माझ्या हातची चव मुरलीय," ती नवऱ्याला, बासिलिओला, बजावायची. "घासलात तर बघा." संध्याकाळी दोघे नदीकाठच्या बाकावर बसत. शेजारी मुद्दाम थांबून घोटभर मागत आणि नेल्बाचे कौतुक करत.

मागच्या हिवाळ्यात नेल्बा गेली. तिचे कपडे धाकट्या बहिणीने, इर्माने, वाटून टाकले. तिची चव तेवढी माझ्यात उरली. बासिलिओ रोज पहिल्या घोटाला डोळे मिटून घ्यायचा.

मग त्याने बोट बांधायला घेतली. नेल्बा ज्या बोटीतून नदीपलीकडून पहिल्यांदा आली, तिचीच हातभर लाकडी प्रतिकृती. बोट सुबक होत होती. स्वयंपाकघरातले टेबल मात्र बघवत नव्हते. ग्लूच्या ट्यूबचे टोपण तो दाताने उघडी. लाकडाच्या पातळ पट्ट्या उडतात म्हणून खिडकी बंद. ग्लूच्या वाफेने डोळ्यांतून पाणी येई, ते तो चिकट बोटांनीच पुसे. एकदा सांडलेला ग्लू त्याने सुती फडक्याने टिपला. सुती कापडात मुरला की हा ग्लू तापतो; फडके एकदम तापले, धूर निघाला आणि तळवा भाजला. टेबलावर बिस्किटांचा चुरा गोंदात रुतून वाळला होता, त्यात पाय वर करून एक माशी. आणि या सगळ्याच्या मधोमध मी. त्याच बोटांनी तो माझी नळी धरी. शी.

एका रविवारी इर्मा आली. पाजणाऱ्याने पहिला घोट स्वतः घ्यायचा, अशी आमच्याकडची रीत. बासिलिओने नळी ओठांत धरली आणि ओठ सुटेनात. टोकाला ग्लूचा थेंब होता. तो झटका देणार, एवढ्यात इर्माने त्याचा हात धरला. ती पूर्वी दवाखान्यात मदतनीस होती.

"ओढू नका, दाजी. कातडं निघून येईल. बसा."

तिने आधी खिडकी उघडली. मग कोमट पाण्यात साबण कालवून त्याचे ओठ भिजवत राहिली.

"बरंय, तोंड बंद आहे ते. आता ऐका. हे टेबल आहे का उकिरडा? ताई असती तर तुम्हाला बोटीसकट नदीत सोडलं असतं."

"उं."

"उं काय? चष्मा कुठाय? डोळ्यात गेलं असतं म्हणजे? तासाभरात सुटलं नाही, तर असाच भोपळा लटकवून गावातनं दवाखान्यात नेईन."

"उं उं."

पाऊण तासाने ओठ सुटले. थोडे रक्त आले. बासिलिओचे पहिले शब्द होते, "हा फेकायचा नाही."

"मी कुठं म्हटलं? वास घेऊन बघा नुसता."

महिनोन्‌महिने त्याच हवेत बसून त्याच्या नाकाला काही कळत नव्हते. आता खिडकीतून नदीवरचा वारा येत होता. त्याने मला रिकामे केले आणि नाक आत घातले. किती तरी वेळ तो शोधत होता.

"ती नाही यात," तो म्हणाला.

इर्माने फडके पिळले आणि टेबल पुसायला घेतले.

आता बोट मागच्या पडवीत बांधली जाते. डोळ्यांवर चष्मा असतो, हाताशी सुती फडके नसते, खाणेपिणे दारापलीकडे. पडवीची खिडकी वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून बासिलिओने माझ्यात नदीची वाळू भरून मला तिच्या फटीत बसवले आहे. बोटीच्या पुढच्या टोकावर त्याने नेल्बाचे नाव रंगवले.

मित्रांनो, ज्या टेबलावर गोंद उघडाल, तिथे तोंडाला लागणारे काहीही ठेवू नका. बासिलिओचा तळवा भरून आला, ओठही बरे झाले. माझ्या पोटात मात्र आता वाळूच आहे.