सत्यवतीच्या टिलरचे पाते

मी एक मोडलेले पाते आहे, मित्रांनो. पॉवर टिलरच्या पोटाखाली जी वाकडी पाती गरगर फिरून माती फोडतात, त्यांतले एक. आज माझे दोन तुकडे कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेतल्या कपाटात पडून आहेत. माझी गोष्ट ऐकायला जरा जड आहे. तरी ऐका.

मी बोरॉन पोलादाचे. पोतेभर तांदळात चिमूटभर मीठ टाकावे, इतकेच बोरॉन आमच्यात असते. पण त्यामुळे आम्ही आतपर्यंत कडक होतो. मात्र आच नेमकी हवी. कारखान्यात भट्टीवर नर्मदाबाई उभ्या असत. काटा आठशे ऐंशी अंशांपुढे सरकू लागला की त्या ओरडत. त्यांनी मला नेमके तापवले, तेलात विझवले आणि मग पुन्हा मंद आचेवर ठेवले. माझ्या आतले कण रव्यासारखे बारीक राहिले. मी कडक होते, पण ठिसूळ नव्हते.

तिथून मी कोकणात तोंडवलीला सत्यवतीकडे आले. तिचा नवरा जहाजावर नोकरीला. ती स्वतः टिलर चालवून गावाची भातशेती नांगरून देई. "सत्यवतीची पाती दगडाक भियेत नाय," असे लोक म्हणत, तेव्हा मला मोठा अभिमान वाटे.

तिसऱ्या वर्षी वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, नांगरटीत मी जांभ्याच्या खडकावर आदळून वाकले. सत्यवती नवे पाते मागवणार होती. पण तिचा दीर लवू याचे रस्त्याकडेला वेल्डिंगचे दुकान होते.

"नवीन कित्याक, वयनी? ह्याच सरळ करून देतंय, वर पाणी चढवन कडक करतंय."

"कारखान्यात म्हणे मोजून तापवतत रे."

"मोजूक कित्याक व्हया? माझे डोळे आसत मा!"

त्याने भात्याचा पंखा सुरू केला. मी लाल झाले, केशरी झाले, पिवळे झाले. तिथेही तो थांबला नाही. मी जवळजवळ पांढरे पडले, तेव्हा माझ्या आत भयंकर काहीतरी चालले होते. बारीक कण शेजारच्या कणांना गिळून फुगत होते. मग त्याने मला तसेच थंड पाण्याच्या बादलीत बुडवले. नंतरची मंद आच त्याने दिलीच नाही.

त्याने माझ्यावर कानस घासली. ती घसरली. "बघ वयनी, काचेसारख्या कडक झाला!"

तो खरेच बोलत होता. मी काचेसारखेच झाले होते. मला ते कळत होते आणि सांगता येत नव्हते.

दोनच दिवसांनी, सकाळच्या उन्हात, एक साधा दगड लागला. नारळाएवढाही नव्हता. टण् असा आवाज झाला, मी मधोमध मोडले आणि माझा पुढचा तुकडा सुटून सत्यवतीच्या नडगीत घुसला.

"मेलंय गो आये!"

बांधावरून लवू धावला. त्याने अंगावरचा पंचा तिच्या पायाला आवळला आणि तिला उचलून रस्त्यापर्यंत नेले. हाड मोडले होते. पायात सळी घालावी लागली. ती चालेल, पण टिलरमागे पुन्हा चालू शकणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

लवू सगळ्यांना सांगत फिरला, "कारखान्याचोच माल फुसको."

सत्यवतीची मुलगी चारुता याच प्रयोगशाळेत नोकरी करते. तिने माझे दोन्ही तुकडे कापले, आरशासारखे घासले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आठवड्याने ती दोन फोटो घेऊन गावी गेली; पुढचे मी तिच्याच तोंडून ऐकले.

"काका, एकाच पात्याचे फोटो आसत हे. ह्यो बोल्टाकडचो भाग. तुमची आग हयसर पोचाक नाय. बघा, कण किती बारीक. आणि ह्यो मोडलेलो."

दुसऱ्या फोटोत कण खडीमिठासारखे जाडे होते, आणि त्यांच्या मधल्या रेषांतून तडा गेला होता. लवूने तो फोटो हातात घेतला. त्याने खाटेवरच्या सत्यवतीकडे पाहिले. मग त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"चारू, ह्या वर्साक मी अशी आणखी अकरा पाती तापवन दिलंय."

तो उठला तो अनवाणीच स्कूटरला किक मारून निघाला. घरोघर गेला, सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली. एका शेतात टिलर चालू होता, त्याच्यासमोर तो हात पसरून उभा राहिला. दहा पाती परत आली. अकरावे वैभववाडीकडचा एक माणूस टेम्पोतून घेऊन गेला होता. त्याचे नाव लवूने विचारले नव्हते. अजूनही लवू बाजाराच्या दिवशी वैभववाडीला जातो आणि भेटेल त्या टिलरवाल्याला वाकून खालची पाती दाखवायला सांगतो.

मित्रांनो, पोलादाच्या पोटातली इजा वरून दिसत नाही. नुसत्या नजरेच्या भरवशावर आम्हांला आगीत घालू नका. आणि तुमच्या घरच्या टिलरला रंग जळालेले, काळे पापुद्रे धरलेले एखादे पाते असेल, तर ते आजच उतरवा. नांगरट पुन्हा सुरू झाली आहे. माझे ते भावंड कुठल्यातरी शेतात फिरते आहे, आणि त्याच्या मागून कोणीतरी चालते आहे.