बाहेर न बसलेली आई

शनिवारची सकाळ. इस्त्रीवालीच्या टेबलावर शर्टांचा हा एवढा डोंगर, आणि ती मात्र एका टीचभर फ्रॉकच्या बाहीशी झटापट करत होती. फ्रॉक भिंगरीचा. भिंगरी म्हणजे तिची पाच वर्षांची लेक. जागच्या जागी उभी राहिली तरी गरगरायची, म्हणून हे नाव. आता ती बालगृहात होती, आणि आईला आठवड्यातून फक्त एकदा भेटायची.

झालं होतं ते असं. एका दुपारी इस्त्रीवाली वरच्या मजल्यावर कपडे द्यायला गेली. लेक रस्त्यावर पळू नये म्हणून बाहेरून कडी घातली. इस्त्री बंद केली होती. पण बंद केलेली इस्त्री काही लगेच गार होत नाही, आणि पोरांना कुठला आलाय धीर! दंडाला चांगलाच चटका बसला. आईनंच तिला उचलून दवाखान्यात पळवलं, आईनंच घडलं ते खरंखरं सांगितलं, आणि तिथूनच पोर परस्पर बालगृहात गेली. घरी बाप नाही, त्यानं केव्हाच दुसरा संसार थाटलेला.

"निघालीस भेटायला?" दारातून शेजारची वहिनी म्हणाली. "मी म्हणते, उगाच कोण कुणाची पोरं उचलून नेतं का? काहीतरी असल्याशिवाय?"

"होतं ना वहिनी. गरम इस्त्री होती."

"आमच्याही घरी शेगडी आहे हो!"

आणि त्याच शेगडीवर तुमच्या थोरल्यानं भुवया भाजून घेतल्या, तेव्हा आपण सगळे पोट धरून हसलो होतो! हे इस्त्रीवालीच्या अगदी ओठांवर आलं. पण ज्या आईची पोर नेली, तिला उलटून बोलायचीही चोरी. तिनं फ्रॉकची घडी घातली.

भेटीच्या खोलीत भिंगरी धावत आली. आणि आईनं काय केलं? दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि खुर्चीत ताठ बसून राहिली.

"जेवलीस का? दात घासतेस ना? अभ्यास?"

ही काय भेट झाली? तोंडी परीक्षाच की! पण त्याला कारण होतं. पहिल्या भेटीत ती लेकीला कवटाळून ढसाढसा रडली होती. बालगृहाच्या तेव्हाच्या बाई म्हणाल्या होत्या, "असं नका करू. तुम्ही गेल्यावर पोर जेवत नाही." लेक उपाशी राहते म्हटल्यावर कुठली आई ऐकणार नाही? त्या दिवसापासून तिनं रडणं गिळलं, मिठी गिळली. त्या बाई पुढे वरच्या जागेवर गेल्या आणि नव्या बाई आल्या. नव्या बाईंना कोपऱ्यातून दिसत होती फक्त एक कोरडी ठाक आई.

"आई, तू माझ्यावर चिडलीस?" भिंगरीनं निघताना विचारलं.

"नाही गं, वेडे." हात तसेच मांड्यांखाली.

बाहेर आल्यावर नव्या बाई म्हणाल्या, "सोमवारी बैठक आहे. भेटी महिन्यातून एकदा कराव्यात, असं मी सुचवतेय. तुमचा ओढाच दिसत नाही हो."

परतीच्या बसमध्ये ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि तरी उठेना. बस चालवणारी बाई मागे आली. "उतरायचंय, की माझ्याबरोबर डेपोत मुक्काम?"

तेव्हा कुठे बांध फुटला. बसवालीनं सगळं ऐकून घेतलं. तिची दोन्ही पोरं एकेकाळी बालगृहात होती. पोरं घरी परत आली तेव्हापासून ती अशा आईबापांबरोबर बैठकांना जाते.

"म्हणजे तुम्ही वकील?"

"छे गं! मी नुसती शेजारची खुर्ची. पण एकटीला दटावणं सोपं असतं, दोघींना जरा जड जातं. आणि हे बघ, तुला रडू नको कुणी सांगितलं, ते तिथं बोल. इथं माझ्या सीटला सांगून काय फायदा?"

सोमवारी दोघी गेल्या. लांब टेबल, भोवती सहा माणसं. त्या पहिल्या बाईसुद्धा होत्या. मधोमध बसलेल्या साहेबांनी मानही वर केली नाही. "आई ना? बाहेर बसा. ठरलं की बोलावतो."

हीच तिथली पद्धत! पोर तिची, बोलणार सगळे, आणि ती बाहेर बाकावर.

इस्त्रीवालीचे पाय दाराकडे वळलेसुद्धा होते. मग ती थांबली. तिनं एक खुर्ची ओढली, दुसरी बसवालीला दिली, आणि बसली.

"नाही बसणार बाहेर. माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्यासमोर बोला."

"अहो, असं चालत नाही."

"मग नका चालवू. पण मी कोरडी नाहीये, साहेब. मला रडू नको म्हणून सांगितलं होतं." तिनं बोट केलं. "या बाईंनी."

सगळ्यांच्या माना तिकडे. बाई चाचरल्या, "मी... जरा आवरा, एवढंच म्हटलं होतं."

"हे मला कुणी सांगितलंच नाही!" नव्या बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

साहेबांनी घसा खाकरला. "ठीक आहे. भेटी आहेत तशाच राहू द्या."

"आणि पोर घरी कधी?" बसवालीनं विचारलं.

"ते पुढच्या बैठकीत बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू, बाई!"

बस्स. एवढंच मिळालं. एका चटक्यापायी हिरावलेल्या लेकीसाठी एवढी लढाई, आणि पदरात काय, तर होतं तेच! इस्त्रीवालीला वाटलं, ते लांब टेबल उलथून टाकावं.

बाहेर बाकावर एक माणूस बसला होता. हातांना रंगाचे डाग, मान खाली.

"आत तुमच्याच पोरांचं चाललंय का?" तिनं विचारलं.

"सुरू होईल आता. मला बाहेर बस म्हणाले."

"आणि तुम्ही बसलात?"

त्यानं गोंधळून मान वर केली. बसवाली हसू दाबत भिंतीला टेकली. या वेळी ती पुढे झाली नाही.

"उठा दादा," इस्त्रीवाली म्हणाली. "मी येते आत."

तिनं दार ढकललं. साहेब वैतागून ओरडले, "आता काय राहिलं तुमचं?"

"माझं नाही," ती म्हणाली. "पोरांचे वडील आलेत. त्यांना खुर्ची द्या."