उर्शुलेसाठी विणलेलं गाणं

माझी नणंद उर्शुले हिला ऐकू येईनासं झालंय, हे सगळ्या गावाला कळलं होतं. तिने तेवढं मान्य केलं नव्हतं. हल्ली लोकच पुटपुटतात, असं तिचं म्हणणं.

अडचण गाण्याची होती. लिथुआनियाच्या आमच्या कोपऱ्यात हे गाणं तिघींचं असतं. एकीची ओळ संपता संपता दुसरी शिरते, दुसरीची संपता संपता तिसरी. आवाज मुद्दाम एकमेकांवर घासायचे. परक्याला वाटावं, बायका भांडताहेत. उर्शुले तिसरी, आणि आता ती वाटेल तिथे शिरायची. आमची पहिली काझिमिएरा, तोंडाची फटकळ. म्हणाली, "मेरीमातेच्या सणापर्यंत बघते. नाहीतर भाचीला घेते." नवरा गेल्यापासून उर्शुले घराबाहेर पडायची ती या गाण्यापुरतीच. मला ते बघवेना.

मी कमरेचे पट्टे विणते. म्हणून गाणंच विणायला घेतलं. पांढऱ्या सुतावर लोकरीची नक्षी, बोटाला लागेल अशी: काझिमिएराची लाल, माझी हिरवी, उर्शुलेची काळी. पायाच्या एका ठेक्याला नक्षीचं एक घर. काझिमिएराच्या पायाकडे बघत पट्टा बोटांतून सरकवायचा, काळं आलं की तोंड उघडायचं.

काझिमिएराच्या स्वयंपाकघरात तालीम झाली. उर्शुले अगदी वेळेवर शिरली, आणि आम्ही दोघी अडखळून गप्पच झालो. कारण ती जन्मात कधी वेळेवर शिरली नव्हती. चांगलं ऐकू येत होतं तेव्हाही कायम एक ठेका उशिरा. तेवढा वेळ शेवटचं अक्षर ओढत राहायची आमच्या गळ्यांना सवय. आम्हाला तेच गाणं वाटायचं. विणताना मात्र मी शहाण्यासारखं बरोबर विणलं होतं. उर्शुले खाली मान घालून एकटीच शेवटपर्यंत गात गेली.

"हिला सुधारायला तुला कुणी सांगितलं होतं?" काझिमिएरा मला म्हणाली.

आम्ही दोघींनीही बरोबर गाऊन पाहिलं. या वयात ते काही जमेना. शेवटी मी पट्टा उसवला आणि दर काळ्या नक्षीआधी एक घर कोरं सोडून पुन्हा विणला.

सणाच्या सकाळी चर्चच्या आवारात उर्शुलेने पट्टा बोटांखालून घातला आणि थांबली.

"अगं, चुकलीस. काळं एक घर मागे पडलंय."

"हो, वन्सं," मी तिच्या कानाशी ओरडले. "हात म्हातारा झाला."

"हात कसला, डोकं."

मला वाटलं, आता ही चूक सुधारून गाणार.

"राहू दे," ती म्हणाली. "अशीच गाते. त्या दिवशी गाणं संपवून मान वर केली, तर तुम्हा दोघींची तोंडं मिटलेली. एकटीनेच बरोबर गाऊन काय करू?"

काझिमिएराने पायाने ठेका धरला. पहिली ओळ मात्र तिने दोन-चार ठेके उशिराच उचलली.