आजीबाईचा नेम

पहिला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. तो भिंतीकडे गडगडत गेला आणि सगळ्या जिमला एकदम खोकला आला.

आमच्या इंडियानात बास्केटबॉलपुढे चर्चसुद्धा जरा सरकून बसतं. आमच्या गावी हंगामाचा पहिला सामना जुन्या कोचच्या फ्री थ्रोने, म्हणजे कुणी न अडवता रेषेवरून रिंगमध्ये टाकलेल्या चेंडूने, सुरू होतो, आणि चेंडू आत गेल्याशिवाय सामना सुरू करायचा नाही अशी रीत आहे. हे कोच, लॉरेन हाइमबॉ, दरवर्षी एका फेकीत मोकळे व्हायचे. यंदा मात्र उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता.

सकाळीच त्यांची बायको आर्लीन म्हणाली होती, "खालून टाक ना, दोन्ही हातांनी. एक हात दुसऱ्याला धरून ठेवेल."

"आजीबाईसारखा? त्यापेक्षा मी घरीच बसतो."

"मग बस. मी तरी कुठे नको म्हणते?"

पण घरी बसवेना.

कोच शिकवायचे ते खरंच होतं. चेंडू सपाट गेला तर त्याला रिंगची नुसती फट मिळते, उंचावरून उतरला तर तीच रिंग परातीएवढी होते. उलटी फिरकी दिली की तो रिंगवर आपटूनही उसळत नाही, मरगळून आत पडतो. खालून, दोन्ही हातांनी टाकलेल्या चेंडूला हे सगळं आपसूक साधतं, हेही त्यांना ठाऊक होतं. पण तसा टाकणाऱ्याला अख्खं गाव हसतं. शाळेत असताना डार्ला प्रुएट तसाच टाकायची आणि सहसा चुकायची नाही. कोचनी तिला बजावलं, "माझ्या संघात आजीबाई खेळत नाहीत." तिने टाकायची पद्धत बदलली आणि अंतिम सामन्यात शेवटचे दोन्ही फ्री थ्रो चुकली. पुढे कित्येक वर्षं किराणा घ्यायला गेली तरी तिला कुणीतरी त्याची आठवण करून द्यायचंच.

आता मुलींची कोच तीच होती. चेंडू उचलून तिने परत आणून दिला.

दुसरा रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला. तिसरा बाजूने गेला. लोक आपापले बूट बघू लागले.

पंच जवळ येऊन हळूच म्हणाला, "कोच, गेला असं धरू या का?"

"धरायचं काय त्यात? गेला नाही तो."

त्यांनी चेंडू दोन्ही हातांत धरून गुडघ्यांपाशी नेला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यांचे कान लाल झाले. लाज वाटली, फार वाटली. चेंडू संथ फिरत उंच गेला आणि नुसती जाळी हलली.

टाळ्या सुरू झाल्या. डार्ला चेंडू घेऊन आली.

"गुडघे आधी वाकवायचे, कोच. हात त्यांच्यामागून."

"डार्ला, अंतिम सामन्यात चुकलेले ते दोन्ही माझे होते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "या लोकांना कुठे माहीत आहे?"

कोचनी बाकांकडे पाहिलं. आर्लीन टाळ्या वाजवायची थांबली होती. मग ते गुण मांडणाऱ्यांच्या टेबलावरच्या माइककडे चालत गेले. सामना आणखी खोळंबला. माइक धरायलाही त्यांना दोन्ही हात लागले.