सूक्ष्मगुरूंच्या पडद्यावर पोहणारे

पडद्यावर किडे वळवळले तशी अख्ख्या हॉलभर शिसारी पसरली. पुढच्या रांगेतल्या बेकरीवाल्याने तर तोंडावर रुमालच धरला, कारण ते किडे त्याच्याच तोंडातले होते. म्हणजे सूक्ष्मगुरू तसं म्हणत होते.

"मी बोलत नाही, मी दाखवतो," मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवत ते म्हणाले. अंगात डॉक्टरी कोट, आवाजात मध. "हे तुमच्या मत्सराचे जंतू. आणि हा जाडा दिसतोय ना, तो शेजाऱ्याच्या नजरेचा."

बेकरीवाल्याने मंतरलेल्या पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा थुंकला. नवी काच, नवा थेंब. पडदा स्वच्छ. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत मावशीने भाचीला कोपराने ढोसलं. "बघितलंस? आणि तू म्हणतेस गोळ्या घे."

भाची मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती. जंतू पाळायला फी भरणारी मुलगी म्हणून घरात तिला जंतूताई म्हणत. मावशी कपडे शिवायची. तिला क्षय झाला होता. औषधाने खोकला थांबला, पण मळमळ सुरू झाली. कोर्स निम्म्यावर असताना सूक्ष्मगुरूंनी तिचाही पडदा असाच स्वच्छ करून दाखवला आणि तिने गोळ्या कपाटात टाकल्या. खोकला थांबला म्हणजे जंतू संपले असं नसतं. मध्येच औषध सोडलं की चिवट तेवढे उरतात, वाढतात, आणि मग त्या गोळ्यांना जुमानत नाहीत. भाचीने घसा कोरडा करून हे सांगितलं. मावशीचं पालुपद एकच: "तू सांगतेस. त्यांनी दाखवलं."

म्हणून आज भाची बघायला आली होती, आणि आता तिला हसू आवरेना. चपलेच्या तळव्यासारखा आकार, कडेने केसांची बारीक झालर, गिरक्या घेत पोहणं. हा तर पॅरामेशियम. पहिल्या वर्षी मॅडमनी त्याची आकृती इतक्यांदा परत काढायला लावली होती की तो तिच्या स्वप्नातही पोहायचा.

"मावशी, हा डबक्यातला प्राणी आहे. माणसाच्या तोंडात नाही राहत."

"मग बेकरीवाला काय डबक्यात तोंड घालतो?"

प्रश्न बिनतोड होता. डबकं आलं कुठून? भाचीने पडदा सोडला आणि टेबल बघायला घेतलं. लाळ पातळ करायला एक बाटली, तिचं नाव शोधनजल. मंतरलेल्या पाण्याचा घोट घेऊन झाल्यावर मात्र त्याच कामाला दुसरी बाटली, शांतिजल. दोन्ही दिसायला सारख्या.

प्रॅक्टिकलला जंतू वाढवायच्या प्लेट्स मांडताना मॅडम एका गोष्टीसाठी हात धुऊन मागे लागायच्या: "एक प्लेट रिकामी ठेवा. जिच्यात तुम्ही काहीच टाकलं नाही तिच्यात काही उगवलं, तर तुमचा सगळा प्रयोग कचऱ्यात." एवढी माणसं हॉलमध्ये बसली होती, पण रिकामी प्लेट कोणी मागितली नव्हती.

पुढच्या बैठकीला भाची बूच लावलेली नळी घेऊन रांगेत उभी राहिली.

"लाळ कोणाची?" सूक्ष्मगुरूंनी विचारलं.

"आमच्या कॉलेजातल्या एका जुन्या, वजनदार व्यक्तीची. हलता येत नाही हो त्यांना." भाचीचा चेहरा गरीब गाईसारखा. "फार तापतात. दाब चढतो. बोलत काही नाहीत, पण मधूनच शिट्टी मारतात."

"शिट्टी." सूक्ष्मगुरूंनी डोळे मिटले. "दाबलेली वासना. लग्न झालेलं नाही ना?"

"नाही."

"वाटलंच मला."

काच, थेंब, शोधनजल. पडदा वळवळला. "अरेरे, इतका सडलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

"गुरुजी, तो माणूस नाही. ऑटोक्लेव्ह आहे. कुकरचा थोरला भाऊ म्हणा. त्यात दाबाखाली तापवून निर्जंतुक केलेलं पाणी आहे या नळीत. त्यातून जिवंत कोणी बाहेर येत नाही."

कोणीतरी खुदकन हसलं. सूक्ष्मगुरू मात्र तयारीचे. "पाण्यालाही मन असतं, बाळ. वाटेत तुझी अश्रद्धा शिरली त्यात." लगेच चार माना डोलल्या. मान डोलवायला डोकं वापरावं लागत नाही.

"बरं, माझं पाणीही नको. कोऱ्या काचेवर नुसतं तुमचं शोधनजल टाका."

"लाळेशिवाय त्याची शक्ती जाते."

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. मावशी उठून टेबलाशी आली. "गुरुजी, मी गिऱ्हाइकाला शिवण आतूनही दाखवते. तुम्ही तर दाखवणारेच. मग दाखवा की."

त्यांनी बाटलीवर हात ठेवला. मावशीने तो बाजूला केला, रुमालाने कोरी काच पुसली, थेंब टाकला आणि काच भिंगाखाली सरकवली.

पडद्यावर तेच सगळे, गिरक्या घेत, मजेत.

मग तिने नव्या काचेवर दुसऱ्या बाटलीतला थेंब टाकला. काही नाही, साधं पाणी. पहिल्या बाटलीत डबकं, दुसरीत नळ. एवढाच चमत्कार.

"म्हणजे याच्यापायी मी शेजाऱ्याशी अबोला धरला?" बेकरीवाल्याने विचारलं. उत्तर द्यायला सूक्ष्मगुरू थांबले नाहीत. मायक्रोस्कोप काखेत मारून ते मागच्या दाराने पसार झाले. गर्दीतले काही त्याच संध्याकाळी नव्या गुरूची चौकशी करत होते. त्यांना कोण काय करणार.

जिना उतरताना मावशी म्हणाली, "पण माझ्या छातीतले गेले की आहेत?"

"मला माहीत नाही."

"तुलाही नाही?"

"क्षयाचे जंतू असे पोहताना दिसत नाहीत, मावशी. फार बारीक असतात. रंग देऊन मोठ्या ताकदीच्या भिंगाखाली शोधावे लागतात. आता डॉक्टरांना खरं सांगायचं, गोळ्या सोडल्या होत्या म्हणून. पुढचं ते तपासून ठरवतील."

"रागावतील."

"रागावू देत. मी आहे ना सोबत."

मावशी घराकडे वळायची ती दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

वाचकहो, डोळ्यांनी पाहिलंत एवढ्यावर भुलू नका. दाखवणाऱ्याला एकच विचारा: यात काहीच टाकलं नाही तर काय दिसतं? खरा माणूस लगेच दाखवेल. जो बाटलीवर हात ठेवेल, त्याच्या भरवशावर आपली गोळी सोडू नका.