सावंतवाडीची बंदूक

मुलुंडच्या डोंगराखाली सहदेव परबाची खोपटी होती. घरात बापाची ठासणीची बंदूक होती. सावंतवाडी संस्थानात बापाने त्या बंदुकीने रानडुकरं मारली, कोणी कधी हटकलं नाही. पुढे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, सहदेव मुलुंडला कारखान्यात लागला, सोबत बंदूकही आली. तिला इथे परवाना लागतो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या बायकोच्या, वनमालाच्या तर नव्हतंच.

त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर बिबट्या वस्तीत येऊ लागला. शेळ्या गेल्या, कुत्री गेली. सहदेव बंदूक ठासूनच ठेवायचा. एके दिवशी उन्हं कलताना शेजारच्या नलिनीची लहान मुलगी अंगणात खेळत होती, आणि कुंपणाआड दबा धरलेला बिबट्या वनमालाला दिसला.

"अहो, धावा! वाघ!"

एकच बार झाला. बिबट्या जागीच आडवा पडला.

दुसऱ्या दिवशी वस्तीने तो बांबूला बांधून ढोल वाजवत थेट पोलीस चौकीपर्यंत मिरवला. सहदेवच्या गळ्यात झेंडूचा हार होता. वनमालाने आयुष्यात त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

हवालदारही खूश झाला. "झकास नेम आहे रे! बंदूक कुणाची?"

"माझीच, साहेब."

"परवाना?"

ढोल थांबला.

विद्याधर प्रधान वकिलांनी फी न घेता केस लढवली. कोर्टाच्या व्हरांड्यात ते वनमालाला म्हणाले, "बार काढला त्याचा गुन्हा नाही, बाई. परवान्याशिवाय बंदूक बाळगली, त्याचा आहे."

"पण साहेब, गावाक कोणीच इचारूक नाय."

"ते संस्थान होतं. तिकडे दक्षिणेत कुर्गात तिथल्या कोडवा लोकांना आजही परवाना लागत नाही, विलायतेत वेगळेच नियम. जिथला तिथला कायदा."

"म्हणजे माझो घोव थंयचो असतो, तर सुटलो असतो?"

वकिलांनी कागद बगलेत मारले आणि ते कोर्टात शिरले.

नलिनी साक्षीला आलीच नाही. "आमचे हे नको म्हणतात गं, पोलिसांचं लफडं," असं ती नळावर खाली मान घालून म्हणाली. वनमाला हंडा भरत राहिली. मुलगी नलिनीच्या कडेवर होती, वनमालाकडे बघून हसत होती.

सहदेव शिक्षा भोगून आला तोवर कारखान्याने दुसरा माणूस ठेवला होता. बाकीच्या कारखान्यांच्या फाटकांवर विचारत, "आधीची नोकरी का सुटली?" तो खरं ते सांगायचा आणि परत यायचा. मग त्याने जाणंच सोडलं. वनमाला खाणीवर खडी फोडायला जाऊ लागली. घरी येई तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला असायचा, चूलही पेटलेली नसायची.

एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "गावाक जावया काय?"

"थंय जावन काय करतलंस?" तो म्हणाला. "राजाचा राज्य गेला. थंयसुदीक आता ह्योच कायदो."

तिने भाकरी उलटली. सकाळी खाणीवर जायचं होतं.