पहाऱ्याची खुर्ची

मित्रांनो, मी लापाचोच्या लाकडाची खुर्ची आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझी बैठक पूर्वी गाईच्या कातड्याची होती. आता तिथे फळीचा तुकडा ठोकला आहे. पाराग्वे नदीच्या काठच्या एका गावात एउलालियो नावाच्या सुताराने मला घडवले. त्याची बायको मनाच्या आजाराने सरकारी इस्पितळात होती आणि बरी होऊन घरी आली होती. म्हणून त्याने मला तिच्या वॉर्डाला दिले. "बसणाऱ्याची पाठ दुखली की तो उठतो," तो म्हणाला, "हिच्यावर दुखणार नाही."

बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेपाशी माझी जागा होती. जी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेईल अशी भीती असे, तिला ती खाट मिळे आणि माझ्यावर दिवसरात्र कोणीतरी बसे. झुनिल्दा ओव्हेलार ही तिथली मुख्य परिचारिका. नव्या परिचारिकांना ती माझ्यावर बसवून शिकवी. हाताच्या अंतरावर बसायचे. हातात वाचायला काही घ्यायचे नाही. मरावेसे वाटते का, हे सरळ विचारायचे. विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

"आणि गप्प बसलेली बाई एकदम हसायला लागली, आपल्या वस्तू वाटायला लागली, तर खूश होऊ नका," ती म्हणे. "मला हाक मारा."

ती माझी चांगली वर्षे. खिडकीजवळच्या खाटेवरून कितीतरी बायका आपल्या पायांनी घरी गेल्या.

पुढे परिचारिका कमी होत गेल्या. कोणी निवृत्त झाली, कोणी परदेशी गेली, आणि त्यांच्या जागा तशाच रिकाम्या राहिल्या. सातांच्या दोन उरल्या. त्या दोघींत साठ खाटा.

अशा दिवसांत ब्लासिदा आली. ती सुताची नाजूक जाळी विणणारी कारागीर होती. तिची नऊ वर्षांची मुलगी तापाने गेली, तेव्हापासून ती बोलत नव्हती. अकरा दिवस तिने भिंतीकडे तोंड करून काढले. बाराव्या दिवशी भर दुपारी पलीकडच्या वॉर्डात एक म्हातारी पडली आणि माझ्यावर बसलेल्या झुनिल्दाला बोलावणे आले. तिने धुलाईघरातल्या निमियाला हाक मारली.

"निमिया, पोरी, जरा बस इथे. मी आलेच."

"सिस्टर, चादरी भिजत पडल्यात. आणि मी हिच्याशी काय बोलू? मी बोलायला लागले की आमच्या घरचे उठून अंगणात जातात."

"बोलू नकोस. नुसतं लक्ष ठेव."

झुनिल्दा धावत गेली. निमिया माझ्या कडेला टेकली.

थोड्या वेळाने ब्लासिदा उठून बसली. तिने केस विंचरले. उशीखालून आपण विणलेली पांढरी कॉलर काढली आणि निमियाच्या मांडीवर ठेवली.

"तुझ्या लग्नात घाल."

"लग्न? आधी नवरा विणून द्या, ताई."

ब्लासिदा हसली. अकरा दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "घसा कोरडा पडलाय गं. गार तेरेरे मिळेल का?"

निमिया तिचे आभार मानून आनंदाने उठली. ती भांड्यात तेरेरेचा पाला, पाणी आणि बर्फ घालत असेल, तेव्हा ब्लासिदा माझ्यासमोरून अनवाणी निघून गेली. मला चार पाय आहेत, मित्रांनो, पण एकही हलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकडून निरोप आला. ब्लासिदा या जगात नव्हती.

चौकशी वॉर्डातच झाली. आलेल्या साहेबाला लवकर उरकायचे होते.

"मदतनीस मुलगी निष्काळजी होती, एवढं लिहू," तो म्हणाला.

"ती निष्काळजी नव्हती," झुनिल्दा म्हणाली. "तहानलेल्या माणसाला पाणी आणायला गेली. काम मी सोपवलं, पण कशासाठी बसायचं ते सांगितलं नाही. चूक माझी लिहा. आणि दोघींत साठ खाटा होत्या, तेही लिहा."

"ते या कागदात बसत नाही, बाई."

निमियाला काढून टाकले. झुनिल्दाला लशींच्या कोठारात पाठवले. जाण्यापूर्वी ती खिडकीजवळ उभी होती, तेव्हा निमिया एप्रन परत करायला आली.

"मी तिचे आभार मानले हो, सिस्टर," ती म्हणाली. "कॉलर दिली म्हणून. मनापासून मानले."

झुनिल्दाने तिचा हात धरला. 

त्यानंतर पहाराच बंद झाला. खिडकीला गज आले, दाराला कुलूप आले. कुलूप कोणालाही काही विचारत नाही. मला बाहेरच्या व्हरांड्यात ठेवले. माझ्यावर बादल्या असतात, कधी झाडू.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगही देऊ नका. पण दुसऱ्याचा जीव कोणाच्या हाती द्याल, तेव्हा दोन वाक्ये जास्त बोला. काय बघायचे ते सांगा. समजले का, ते त्याच्या तोंडून ऐका. आणि मगच पाठ फिरवा. हे कोणी ऐकेल असे मला आता वाटत नाही.

आज सकाळीच इथे व्हरांड्यात एक कोवळ्या वयाची बाई भरतीसाठी आली. तिने सगळ्यांना आपल्या बांगड्या देऊन टाकल्या. परिचारिकेला वरच्या मजल्यावरून हाक आली. तिने लादी पुसणाऱ्या नव्या मुलीला म्हटले, "हिच्याकडे जरा लक्ष ठेव गं."

मुलीने पोछा भिंतीला टेकवला.

"म्हणजे काय बघू?" तिने विचारले.

तोपर्यंत परिचारिका जिना चढून गेली होती.